आवाज कुणाचा?

शीर्षक वाचून ही राजकीय पोस्ट आहे असं समजून कुणी आलं असेल तर त्यांची निराशा होणार, आधीच सांगून ठेवतो. :-) आजचा विषय गाण्यांचा आहे. फंक, रिमिक्स, सॅम्पलिंग वगैरे. पण प्रश्न मात्र शब्दशः तोच आहे. एका गाण्यातला तुकडा कापून दुसऱ्या गाण्यात डकवला, तर त्या तुकड्यातला आवाज कुणाचा? ज्याने गायला किंवा वाजवला त्याचा, ज्याने चाल बांधली त्याचा, की ज्याने स्टुडिओचं बिल भरलं त्याचा?

आपल्यासारख्या कोड लिहिणाऱ्या लोकांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. कोड लिहितो आपण, त्यावर मालकी कंपनीची, आणि 'अबाउट' पेजवर नाव तिसऱ्याच कुणाचं. पण गाण्यांच्या बाबतीत एक जास्तीची गंमत आहे, आणि हा सगळा लेख त्या गमतीसाठीच आहे. सॅम्पल करणारा माणूस कागदावरचं नोटेशन उचलत नाही. त्याला हवा असतो तो विशिष्ट गळा, त्या विशिष्ट मनगटाचा ठोका. म्हणजे उचलला जातो तो कलाकार. आणि हक्काच्या कागदांवर नेमका तोच बहुतेक वेळा नसतो.

तर मंडळी, चहा घेऊन बसा. यवतमाळच्या वरातीपासून लॉस एंजेलिसच्या कोर्टापर्यंत जायचंय.

पुंगी, जी पुंगी नव्हतीच

मी मूळचा दिग्रसचा. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, मग ते पुसद असो, दारव्हा असो की आर्णी, वरात म्हटली की एक सुरावट वाजायलाच हवी. नागीण. कुणीतरी दातात रुमाल धरून पुंगी वाजवायची, दुसऱ्याने टेरीकॉटच्या पँटची पर्वा न करता डांबरी रस्त्यावर लोळायचं. आधी हे ब्रास बँडवर वाजायचं, मग बेंजो पार्टीवर, मग कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडवाल्या धुमाल-संदलवर, आणि मग डीजेवर. वाद्यं बदलली, नागीण तीच राहिली.

ती सुरावट १९५४ सालच्या 'नागिन' चित्रपटातली. संगीतकार हेमंतकुमार. पण त्यातली ती जगप्रसिद्ध पुंगी म्हणजे पुंगी नव्हेच! ते क्लॅव्हिओलिन नावाचं विजेवर चालणारं छोटं कीबोर्ड. १९४७ च्या सुमारास फ्रान्समध्ये कॉन्स्टंट मार्टिन नावाच्या माणसाने ते बनवलं. आपल्याकडे ते वाजवलं कल्याणजी वीरजी शाह या तरुणाने, आणि जोडीला हार्मोनियम होती रवी यांची, जे पुढे स्वतः मोठे संगीतकार झाले. कल्याणजी म्हणजे गिरगावातल्या एका कच्छी किराणा दुकानदाराचा मुलगा. पुढे धाकट्या भावाबरोबर त्यांची जोडी जमली, ती कल्याणजी-आनंदजी.

म्हणजे बघा, सत्तर वर्षं विदर्भातली पोट्टी ज्या तुकड्यावर लोळतात तो वाजवला कल्याणजींनी. वरातीत त्यांचं नाव विचारा. कुणालाच माहीत नसतं. गाणं 'नागिन'चं, लतादीदींचं, फार तर हेमंतकुमारांचं. वाजवणारा गायब. हे नाव लक्षात ठेवा, कारण पन्नास वर्षांनी हाच माणूस अमेरिकेतल्या एका फंक सिंगलमध्ये पुन्हा भेटणार आहे.

कव्हर, रिमिक्स, सॅम्पल

पुढे जाण्याआधी तीन शब्द वेगळे करू, कारण आपल्याकडे या तिन्हीला सरसकट 'रिमिक्स' म्हणतात.

कव्हर म्हणजे तेच गाणं दुसऱ्याने नव्याने गाणं. स्पेसिफिकेशन तेच, कोड नव्याने लिहिलेला. रिमिक्स म्हणजे मूळ रेकॉर्डिंग घेऊन त्याची मांडणी बदलणं: ठेका वाढवा, मधला भाग लांबवा, आवाज मागेपुढे करा. मूळ प्रोजेक्टचा फोर्क म्हणा. आणि सॅम्पल म्हणजे मूळ रेकॉर्डिंगमधला एक तुकडा कापून संपूर्ण वेगळ्या गाण्यात वापरणं. सरळसरळ कॉपी-पेस्ट.

आता फंक. साठच्या दशकात जेम्स ब्राऊनने अमेरिकन संगीताचा जोर पहिल्या मात्रेवर आणून ठेवला. आपल्याकडे समेचं जे महत्त्व, साधारण तसंच. चाल बाजूला, सुसंवादी स्वर बाजूला, सगळं लक्ष ठेक्यावर. १९७० मध्ये त्याची 'फंकी ड्रमर' नावाची सिंगल निघाली. सिंगल म्हणजे ४५ आरपीएमची छोटी तबकडी. गाणं इतकं लांब होतं की भाग एक एका बाजूला आणि भाग दोन दुसऱ्या बाजूला. त्यात एका ठिकाणी बाकी सगळे थांबतात आणि ड्रमर एकटा काही सेकंद वाजवतो. ड्रमरचं नाव क्लाइड स्टबलफील्ड.

पुढे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ पासून डीजे कूल हर्कसारख्या लोकांनी गाण्यातला असा ठेक्याचा तुकडाच परत परत वाजवायची युक्ती शोधली. दोन टर्नटेबलवर एकाच गाण्याच्या दोन तबकड्या. एकीवरचा तुकडा संपेपर्यंत दुसरी मागे फिरवून तयार. ऐंशीच्या दशकात हेच काम सॅम्पलर नावाची यंत्रं करू लागली आणि 'फंकी ड्रमर'मधले ते काही सेकंद शेकडो गाण्यांत जाऊन बसले. पब्लिक एनिमीपासून ते साध्या पॉप गाण्यांपर्यंत. १९८६ मध्ये जेम्स ब्राऊनच्या एका संकलनात तर डॅनी क्रिविटने केलेली एक खास आवृत्ती घातली होती, त्यात जवळजवळ फक्त तो ड्रमचा तुकडाच गोल गोल फिरतो.

आणि स्टबलफील्डला काय मिळालं? तो पगारी ड्रमर. गाण्याचा कर्ता म्हणून नाव जेम्स ब्राऊनचं. त्या तुकड्याची रॉयल्टी त्याला मिळाली नाही. उतारवयात तो सांगायचा की पैशापेक्षा मला माझं नाव तिथे असलेलं आवडलं असतं. २०१७ मध्ये तो वारला.

हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. पैशापेक्षा नाव.

मुंबईचं फंक

आता इकडे या. सत्तरच्या दशकात मुंबईच्या स्टुडिओंमध्ये जे शिजत होतं त्याला कुणी फंक म्हणत नव्हतं. ते 'कॅबरे साँग' नाहीतर 'टायटल म्युझिक'. पण आज ऐकलं की कळतं, वाह-वाह पेडल लावलेली गिटार, ब्रास, बाँगो-काँगो, सगळा मालमसाला तोच. आर. डी. बर्मन यांचं नाव यात सगळ्यांना ठाऊक असतं. कल्याणजी-आनंदजींना मात्र लोक साध्यासोप्या चालींचे संगीतकार समजतात. त्यांच्याकडे तालवाद्यांची बाजू सांभाळायला त्यांचाच धाकटा भाऊ बाबला होता. आठवलं का? 'डिस्को दांडिया'वाला बाबला! आमच्या यवतमाळच्या दुर्गोत्सवात नवरात्रभर त्याच्या कॅसेट वाजायच्या.

तर कल्याणजी-आनंदजींची दोन गाणी आपल्या कामाची आहेत. एक १९७२ सालच्या 'अपराध'मधलं 'ऐ नौजवान', दुसरं १९७८ सालच्या 'डॉन'मधलं 'ये मेरा दिल', ज्यावर हेलन नाचली. दोन्ही गायल्या आशाताई. 'ये मेरा दिल' लिहिलं इंदीवर यांनी, आणि त्यासाठी आशाताईंना फिल्मफेअरही मिळालं. शेजारच्या अमरावतीच्या सुरेश भटांच्या गझला ज्या गळ्यातून आपण ऐकल्या, तोच गळा हेलनसाठी श्वास, हुंकार आणि लाडिक ओढ घेऊन असा काही उतरतो की कागदावरची चाल आणि प्रत्यक्ष गाणं यात किती अंतर असतं ते समजतं. ते अंतर म्हणजेच आशाताई.

मागे वाजवणाऱ्यांचं तर आणखीनच अवघड. ट्रंपेट, सॅक्सोफोन, व्हायोलिन, गिटार, ड्रम्स. यातले कितीतरी वादक गोव्याचे. घरून पाश्चात्त्य नोटेशन शिकून आलेले, मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवलेले, आणि नंतर सिनेमात शिफ्टवर काम करणारे. दिवसाचं काम, दिवसाचे पैसे. तबकडीच्या वेष्टनावर त्यांची नावं नसत. ग्रेगरी बूथ नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने त्यांच्या मुलाखती घेऊन २००८ मध्ये 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक काढलं तेव्हा बऱ्याच लोकांना ही माणसं पहिल्यांदा कळली.

कायदा काय म्हणत होता? 'डॉन'च्या आदल्याच वर्षी, १९७७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने एका गाजलेल्या खटल्यात निकाल दिला. एका बाजूला गीतकार-संगीतकारांची संस्था आयपीआरएस, दुसऱ्या बाजूला चित्रपट निर्माते. निकालाचं सार असं की निर्मात्याने पैसे देऊन गाणं करून घेतलं असेल आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर हक्क निर्मात्याचा. म्हणजे 'वर्क फॉर हायर'. गायकाचा तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात विचारच नव्हता. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी शेवटी एक वेगळी टिपणी जोडली. भारतीय संगीतात गाण्याचा जीव गाणाऱ्यात असतो, लिहिलेल्या स्वरलिपीत नाही, आणि आपला कायदा नेमका त्यालाच वाऱ्यावर सोडतो, अशा आशयाची. संसदेने याकडे लक्ष द्यावं असंही त्यांनी सुचवलं. संसदेला लक्ष द्यायला सतरा वर्षं लागली. असो.

इथे एक अवांतर. साठच्या दशकाच्या सुरुवातीला लतादीदींनी गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून निर्मात्यांशी भांडण मांडलं होतं. रफीसाहेबांचं मत पडलं की गाण्याचे पैसे मिळाले, विषय संपला. यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं सोडलं. लहानपणी ही गोष्ट 'मोठ्या लोकांचे रुसवेफुगवे' म्हणून ऐकली होती. आज वाटतं की तो रुसवा नव्हता, तो भारतीय संगीतातला बौद्धिक संपदेचा पहिला मोठा वाद होता.

'टी-सिरीजचं हाय ना बे'

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि सगळंच उलटंपालटं झालं. मोठ्या कंपन्यांकडे जुन्या गाण्यांचे हक्क होते, पण कायद्यात एक खिडकी होती, कलम ५२(१)(जे). गाण्याचं एकदा रेकॉर्डिंग झालेलं असलं, की हक्कदाराला नोटीस द्या, ठरलेली रॉयल्टी भरा, आणि तेच गाणं नव्या गायकाकडून गाऊन घ्या. मूळ तबकडीला हात लावायचा नाही, नव्याने गायचं. गुलशनकुमार यांच्या टी-सिरीजने या खिडकीतून अख्खा ट्रक आत घातला. रफी, किशोर, मुकेश यांच्या गाण्यांच्या नव्या आवाजातल्या कॅसेट स्वस्तात गावोगाव पोचल्या.

यवतमाळला दत्त चौकाच्या आसपास एका दुकानात आम्ही कॅसेट 'भरून' घ्यायला जायचो. वहीच्या पानावर गाण्यांची यादी, कोरी नव्वद मिनिटांची कॅसेट, आणि दोन दिवसांनी या म्हणून सांगणारे काका. एकदा तिथे एक गाणं ऐकून मी विचारलं, "काका, हे कोणाचं हाय?" काका मान वर न करता म्हणाले, "कोणाचं म्हंजे? टी-सिरीजचं हाय ना बे."

हसू नका. कायद्याच्या भाषेत काकांचं उत्तर अचूक होतं. :-)

पुढे रिमिक्सची लाट आली. बर्मिंगहॅमच्या बॅली सागूने १९९४ मध्ये 'बॉलीवूड फ्लॅशबॅक' काढला. १९९६ मध्ये खुद्द आशाताईंनी लेस्ली लुईसबरोबर 'राहुल अँड आय' केला, पंचमदांची गाणी नव्या ठेक्यावर, आणि गायलं स्वतःच. रिमिक्सवर नाक मुरडणाऱ्यांनी हे विसरू नये. त्यांचा राग नव्या ठेक्यावर नव्हता. २००२ मध्ये 'काँटा लगा' आलं. मूळ गाणं १९७२ सालच्या 'समाधि'तलं, लतादीदींनी गायलेलं. रिमिक्समध्ये आवाज दुसराच. पण गावोगावच्या मंडपांत ते जे काही वाजलं! आमच्या पिढीतल्या अर्ध्या लोकांनी मूळ गाणं त्यानंतर ऐकलं, हेही खरंच. रिमिक्स जुन्या गाण्यांना मारतो असं म्हणणाऱ्यांना एवढं उत्तर पुरे. प्रश्न गाणं जगण्याचा नाहीच. गाणं जगतं. प्रश्न हा की जगलेल्या गाण्यावर नावाची पाटी कुणाची.

नाव आहे, आवाज नाही. आवाज आहे, नाव नाही.

आता परदेशात जाऊ. कारण याच काळात तिकडे आशाताईंच्या बाबतीत दोन गोष्टी घडल्या, आणि त्या शेजारी ठेवल्या की सगळा विषय स्वच्छ दिसतो.

पहिली. ब्रिटनमधल्या कॉर्नरशॉप या बँडने १९९७ मध्ये 'ब्रिमफुल ऑफ आशा' नावाची सिंगल काढली. गाणाऱ्या तजिंदर सिंगचं घर पंजाबी. विषय आशाताई, पार्श्वगायन आणि ४५ आरपीएमची तबकडी. सिंगल पहिल्यांदा आली तेव्हा ब्रिटनच्या यादीत साठाव्या नंबरवर अडकली. मग नॉर्मन कुक, म्हणजे फॅटबॉय स्लिम, याने तिचा रिमिक्स केला. वेग वाढवला, सूर चढवला, खाली दणदणीत ठेका टाकला. फेब्रुवारी १९९८ मध्ये तो रिमिक्स थेट पहिल्या नंबरवर. अख्खं ब्रिटन 'आशा, आशा' म्हणत नाचत होतं. त्या गाण्यात आशाताईंचं नाव होतं, आवाज मात्र नव्हता.

दुसरी. २००५ मध्ये ब्लॅक आइड पीज या अमेरिकन गटाची 'डोन्ट फंक विथ माय हार्ट' ही सिंगल आली. 'फंक'च्या स्पेलिंगमध्ये खोड्या करून चावट अर्थ काढलेला, त्यामुळे काही रेडिओ स्टेशनांसाठी शब्द बदलून वेगळी आवृत्ती करावी लागली. गाणं अमेरिकेत तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं, ऑस्ट्रेलियात पहिल्या. आणि त्याचा पाया काय? 'ऐ नौजवान' आणि 'ये मेरा दिल'. कल्याणजी-आनंदजींची चाल, मुंबईच्या वादकांचे तुकडे, आशाताईंचा आवाज. जोडीला १९८५ च्या एका अमेरिकन नृत्यगीताचा तुकडा.

हे चोरून केलेलं नव्हतं, हे आवर्जून सांगायला हवं. गाण्याच्या कर्त्यांच्या यादीत कल्याणजी-आनंदजी आणि इंदीवर यांची नावं आहेत. २००६ च्या फेब्रुवारीत गाण्याला ग्रॅमी मिळालं तेव्हा इकडे वर्तमानपत्रांत बातम्याही आल्या. (कल्याणजी हे बघायला नव्हते, ते २००० सालीच गेले.) पण ग्रॅमी कशासाठी मिळालं ते नीट वाचा: दोन किंवा अधिक कलाकारांच्या सर्वोत्तम रॅप 'परफॉर्मन्स'साठी. सादरीकरणाचा पुरस्कार! आणि ज्या सादरीकरणाचे तुकडे कापून घेतले होते, ती १९७२ ची बाई आणि १९७८ चे ते ट्रंपेटवाले, त्यांना या हिशोबात जागा नव्हती. कर्त्यांच्या यादीत आशाताई असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी चाल बांधली नाही, शब्द लिहिले नाहीत. त्यांनी 'फक्त' गायलं.

त्याच वर्षी, २००६ मध्ये, फरहान अख्तरचा नवा 'डॉन' आला आणि 'ये मेरा दिल' सुनिधी चौहानने पुन्हा गायलं. एकाच गाण्याचं एका वर्षाच्या अंतराने इकडे कव्हर आणि तिकडे सॅम्पल. कव्हरमध्ये चाल घेतली, आवाज नवा. सॅम्पलमध्ये आवाजच घेतला. आणि तरी दोन्हीकडे हक्काचा कागद जवळपास सारखाच.

नावासाठी कोर्टात

'डोन्ट फंक'मध्ये निदान संगीतकारांना विचारलं गेलं. बप्पी लाहिरींच्या नशिबी तेही नव्हतं. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या गायिकेची 'अ‍ॅडिक्टिव्ह' ही सिंगल अमेरिकेत गाजली. निर्माता डीजे क्विक. गाण्यात जवळजवळ सगळा वेळ मागे लतादीदी गात असतात: १९८१ सालच्या 'ज्योति'मधलं 'थोडा रेशम लगता है'. संगीत बप्पीदांचं. परवानगी घेतलेली नाही, नाव दिलेलं नाही. गंमत म्हणजे हे गाणं आपल्याकडे विस्मरणात गेलं होतं. अमेरिकेत ते गाजल्यावर पाठोपाठ आपल्याकडे 'कलियों का चमन' नावाने त्याचा रिमिक्स आला आणि तो तुफान चालला. म्हणजे आपलंच गाणं आपण व्हाया लॉस एंजेलिस परत आयात केलं.

सारेगामा आणि बप्पी लाहिरी कोर्टात गेले. २००३ च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या संघीय न्यायाधीशांनी हुकूम दिला की बप्पी लाहिरींचं नाव छापल्याशिवाय ही सीडी विकायची नाही. टाळ्या! इथेच चित्रपट संपला असता तर बरं झालं असतं. पण खटला चालू राहिला. पुढे निघालं की १९८१ मध्ये बप्पीदांनी हे काम निर्मात्यासाठी पैसे घेऊन केलेलं, म्हणजे भारतीय कायद्याप्रमाणे हक्क निर्मात्याचा. त्यांचा दावा तर फेटाळला गेलाच, वर हा दावा मुळातच निराधार होता म्हणून त्यांच्या वकिलाला अडीच लाख डॉलरच्या आसपास भुर्दंड बसला. २०१० मध्ये अपील कोर्टाने तो कायम केला. १९७७ च्या आपल्या निकालातलं तत्त्व असं कॅलिफोर्नियात जाऊन आपल्याच माणसाला आडवं आलं.

फंकच्या मायदेशीही चित्र वेगळं नाही. जॉर्ज क्लिंटनच्या फंकाडेलिकच्या १९७५ च्या गाण्यातला जेमतेम दोन सेकंदांचा गिटारचा तुकडा रॅप गट एनडब्ल्यूएने वापरला होता. २००५ मध्ये तिथल्या एका अपील कोर्टाने सांगितलं की तुकडा कितीही लहान असो, परवाना घ्या नाहीतर सॅम्पल करू नका. कडक निकाल. पण खटला लढत कोण होतं? हक्क विकत घेऊन बसलेल्या कंपन्या. ज्याच्या बोटांतून तो तुकडा निघाला तो गिटारवादक नव्हे.

थोडक्यात काय, सगळीकडे कोर्ट विचारतं की कागद कुणाचा. बोट कुणाचं, गळा कुणाचा, हा प्रश्न फॉर्ममध्येच नसतो.

फॉर्ममध्ये नवा रकाना

पण हळूहळू बदललं, आणि हे सांगितलं नाही तर लेख एकांगी होईल. १९९४ च्या दुरुस्तीने भारतात कलाकाराचे हक्क पहिल्यांदा कायद्यात आले. २०१२ च्या दुरुस्तीने ते बरेच बळकट झाले: गाण्याचा व्यावसायिक वापर झाला तर गायकाला रॉयल्टी, आपली ओळख दिली जाण्याचा हक्क, आणि आपल्या गायनाची नाव खराब होईल अशी मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा हक्क. ती ५२(१)(जे)ची खिडकीही बदलली. कव्हरसाठी दोनच्या जागी पाच वर्षं थांबा, आणि गाण्यात मनमानी बदल नकोत. २०१३ मध्ये गायकांची संस्था इस्रा नोंदली गेली. लतादीदींनी साठच्या दशकात मागितलेली गोष्ट पन्नास वर्षांनी कायद्यात आली.

आणि आता तर सॅम्पल कापायचीही गरज उरलेली नाही. थोडं रेकॉर्डिंग दिलं की मॉडेल त्या आवाजात काहीही गातं. जुन्या हिशोबाने यात काय चोरलं गेलं? चाल नवी, शब्द नवे, मूळ तबकडीला हात नाही. निर्मात्याकडे दाखवायला काही नाही, कंपनीकडे काही नाही. उचलला गेला तो निव्वळ आवाज. १९७० पासून जे सॅम्पलमध्ये लपून होतं ते इथे उघडं पडलं.

२०२४ मध्ये अरिजित सिंगच्या आणि २०२५ मध्ये आशाताईंच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिले. परवानगीशिवाय एखाद्या गायकाचा आवाज हुबेहूब काढून देणारी साधनं पुरवणं हे प्रथमदर्शनी त्या व्यक्तीच्या हक्काचं उल्लंघन आहे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. आदेश अंतरिम आहेत, हे कबूल. पण नव्वदी ओलांडलेल्या त्या बाईने, जिच्या नावावर ब्रिटन नाचलं आणि जिच्या आवाजावर दुसऱ्यांना ग्रॅमी मिळालं, शेवटी आवाज आणि नाव दोन्ही एकाच कागदावर आणून दाखवलं.

मला विचाराल तर मी रिमिक्सच्या बाजूचा आहे. नागीण डीजेवर वाजू दे, 'डॉन'चे तुकडे जगभर फिरू देत. संगीत असंच चालतं. आपण रोज दुसऱ्यांच्या लायब्ररी वापरतो, त्यात लाज नाही. पण लायब्ररी वापरताना लायसन्सची फाइल सोबत ठेवतो ना? एवढंच मागणं आहे. आज स्ट्रीमिंग अ‍ॅपवर 'क्रेडिट्स'चं बटण असतं. ते दाबलं की गायक, गीतकार, संगीतकार दिसतात. ड्रमर, ट्रंपेटवाला, क्लॅव्हिओलिनवाला बहुधा नसतात. तो रकाना भरणं हे तांत्रिकदृष्ट्या किती सोपं आहे ते आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार? डेटाबेसमध्ये एक टेबल वाढवायचं. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी अशा एखाद्या अ‍ॅपवर काम करत असेल तर सोमवारच्या मीटिंगमध्ये विषय काढून बघा.

आणि बाकीच्यांनी पुढच्या वरातीत कुणी दातात रुमाल धरला, की शेजारच्याला एवढंच सांगायचं: "हे कल्याणजींनी वाजवलंय बरं का." तो विचित्र नजरेने बघेल. बघू द्या.